दोरीवरचा चौकडीचा सदरा

"आजच यायचं होतं होय आईला?"

मोरीच्या पत्र्याआडून माझ्या पोरीचा आवाज आला. कुरकुर केल्यासारखा, अर्धा दातांतल्या दातांत. पत्र्याच्या अलीकडे मी उभी होते, एका हातात कापडी पिशवी, दुसऱ्या हातात शेंगदाण्याच्या लाडवांचा डबा. एसटीतून उतरून पाऊण मैल उन्हातनं चालत आले होते. सपाट माळावर लांबूनच दिसले असेन त्यांना. हाक मारायला तोंड उघडलं होतं, ते तसंच राहिलं.

"हळू बोल," माझी धाकटी जाऊ वैजयंता तिला म्हणाली. "आई आहे. तिला वाटेल तेव्हा येईल."

"पण उद्या माझा खो-खो आहे ना काकी!"

"माहितेय मला. तू आधी पाय धू. मी बघते काय करायचं ते."

मी बघते काय करायचं ते. म्हणजे मी काय टोळधाड होते, की धोंड्याच्या महिन्यात आलेला जावई?

या गोष्टीला सोळा वर्षं होऊन गेली. पण त्या पत्र्याचा तापलेला वास आणि पलीकडे तांब्यातून पडणारं पाणी अजून माझ्या कानानाकात आहे. नाक माझं पहिल्यापासून तिखट. त्याच नाकानं मला मोठं केलं आणि त्याच नाकानं मला फसवलं.

माझं शिक्षण सातवी. विट्याला आमच्या घरी पुढच्या खोलीत मी फिनेल करायचे. बचत गटाच्या बायकांना दोन दिवसांचं शिक्षण दिलं होतं, त्यात किती पाण्यात काय ओतायचं तेवढं सांगितलं. बाकीचं मी माझी मी शिकले. झाकणानं मापायचं, काठीनं ढवळायचं, हुंगायचं, पुन्हा मापायचं. फिनेलवरून भांड्यांच्या लिक्विडवर आले, तिथून कपड्यांच्या. आणि कपड्यांच्या लिक्विडात मला सापडला मोगरा. तीन प्रकारचे सेंट एकत्र करून मी असा वास काढला की एकदा कपडा बुडवला की आठ दिवस हलायचा नाही. धुऊन पुन्हा घातला तरी मागचा वास शिल्लक. 'मंगल मोगरा' असं नाव दिलं, माझंच. बाटलीवर चिकटवायचे कागद माझी पोर अस्मिता चिकटवायची. शाळेतून आली की दोन निळ्या ड्रमांच्या मधे बसायची, एकीकडे पाढे म्हणायची, एकीकडे कागद चिकटवायची. इतकी सरळ चिकटवायची की वाटावं यंत्रानं लावलेत.

मी रस्त्यानं निघाले की बायका मान न वळवता म्हणायच्या, "मंगलताई आल्या बघा." आयुष्यभर ज्या बाईला कुणी ओळखलं नाही, तिला पाठमोऱ्या बायका ओळखायला लागल्या. ते सुख ज्यानं भोगलंय त्यालाच कळेल. ते ड्रम आता गच्चीवर पालथे पडलेत. त्यावर पारवे बसतात.

अस्मिताला दुसरीपासून धाप लागायची. थंडीत लागायची म्हणून स्वेटर घातला, पावसात लागायची म्हणून काढा दिला, आणि उन्हाळ्यात लागली तेव्हा दृष्ट काढली. डॉक्टर म्हणाले, धुळीची ॲलर्जी दिसते. पंप दिला तोंडात मारायला. वर विचारलं, "घरात उग्र वासाचं काही असतं का? डासांची कॉइल, उदबत्ती, चुलीचा धूर?"

"छे हो," मी म्हणाले, "आमचं घर आरशासारखं असतं. उदबत्तीसुद्धा बंद केलीय."

डॉक्टरांनी आमच्या ह्यांच्याकडे पाहिलं. ह्यांनी स्वतःच्या चपलांकडे पाहिलं. मी खोटं बोलले नव्हते हो. वास म्हणजे घाणीचा. जो घाण घालवतो त्याला कुणी वास म्हणतं का? घरी आले आणि धूळ नको म्हणून दिवसातून दोनदा पुसत होते ते चारदा पुसायला लागले. पोरीची चादर, उशीचा अभ्रा, फ्रॉक, सगळं मोगऱ्यातनं काढायला लागले.

चौथीची परीक्षा झाली आणि ती सुट्टीला काकाकाकीकडे गेली. माझे दीर भास्कर भावजी दिघंचीच्या पुढच्या एका वस्तीवर शाळामास्तर. दोन खोल्या, पुढं अंगण, अंगणापुढं नुसता माळ. वारा सुटला की चुलीवरच्या भाजीत माती पडते. तिथं तीन आठवड्यांत पोरीनं पिशवीतला पंप बाहेर काढला नाही. भावजी म्हणाले, "वहिनी, राहू दे वर्षभर इथंच. पाचवीला माझ्याच शाळेत घालतो."

धुळीची ॲलर्जी म्हणून पोर धुळीत नेऊन ठेवायची, हे कुठलं औषध? पण पोर पळायला लागली होती. मी हो म्हणाले. तोंडानं.

वैजूच्या लग्नाला नऊ वर्षं झाली होती आणि पाळणा हलला नव्हता. तिच्याविषयी मला आधी वाईट वाटायचं. जूनपासून ते वाटणं हळूहळू बंद झालं. फोनवर चार मिनिटांत अस्मिता अकरा वेळा 'काकी' म्हणाली. मी मोजले. घरी दोडका पुढं आला की ताट सरकवणारी पोर तिकडं दोडक्याच्या शिरांची चटणी मागून घ्यायची. मी एक वेणी घालायचे, तिथं दोन झाल्या, लाल रिबिनी लावून वर बांधलेल्या. दिवाळीला घरी आली ती तिसऱ्या दिवशी धाप लागून परत गेली. फटाक्यांचा धूर, मी म्हणाले. एकदा जेवताना हे म्हणाले, "मंगल, तो मोगरा जरा कमी टाकला तर?"

"का? गिऱ्हाइकाची तक्रार आलीय?"

"नाही. आपलं सहज."

"मग मोगऱ्यात बोट घालू नका. दुधाच्या डेअरीत तुम्हाला मी सांगते का, फॅट किती ठेवा म्हणून?"

आणि त्याच तावात माझ्या तोंडून निघून गेलं, "स्वतःची कूस भरत नाही म्हणून दुसऱ्याच्या ताटातलं उचलायचं, ही कुठली रीत?"

ते ताटावरून उठले नाहीत, पण भात तसाच सोडला.

डिसेंबरात मी ठरवलं, बास. पोरीला घरी आणायचं. हे म्हणाले, "रविवारी जाऊ की दोघं." ते दर रविवारी एकटेच जायचे आणि पोरगी अंगाखांद्यावर कशी खेळली ते सांगायचे. माझ्या अंगाशी मात्र ती गणपतीत गेले होते तेव्हाही आली नव्हती, लांबूनच 'आई, आई' करत होती. मला वाटलं, विसरायला लागलीय मला. गाय वासराला चाटते ती काय नुसती मायेनं? वास लावून ठेवते, म्हणजे हजार गाईंत वासरू चुकत नाही. म्हणून मंगळवारी मी माझी अंजिरी साडी भिजत घातली. मोगऱ्याचं एक झाकण पुरतं, तिथं चार ओतली. रात्रभर ठेवली. आणि गुरुवारी ह्यांना न सांगता एसटीत बसले. शेजारच्या बाईनं खिडकी उघडली आणि विट्यापासून आटपाडीपर्यंत नाकाला रुमाल लावून ठेवला. मला तिची कीव आली. म्हटलं, बिचारीला डिझेल सोसत नसेल.

तर मी पत्र्याअलीकडनं अंगणात आले आणि मोठ्यांदा खाकरले.

वैजू पदराला हात पुसत बाहेर आली. हसली. पण डोळे माझ्या साडीवर.

"आलात अक्का? बसा, बसा. नको, थांबा. पाणी तापलंय, आधी अंघोळच करून घ्या. माझी ती निळी साडी देते."

गणपतीतही हेच म्हणाली होती. तेव्हा मी हसून टाळलं होतं.

"मी काय मौतीला जाऊन आलेय होय गं," मी म्हणाले, "दारातच अंघोळ करून आत यायला?"

"तसं नव्हं अक्का. एसटीची धूळ…"

"धूळ! तुझ्या गावात राहून तू मला धूळ सांगतेस?"

तिनं अंगणातच बाज टाकली. वारा ज्या बाजूनं येत होता त्याच्या उलट्या बाजूला टाकली, हे मला तेव्हा कळलं नाही. अस्मिता मोरीतून आली. उंच झाली होती. पोटऱ्या घट्ट, गुडघ्यांवर खरचटलेलं, गालांवर ऊन. माझ्यापासून तीन हात लांब उभी राहिली.

"आई, कुठली बस मिळाली?"

पाव्हण्यांना विचारतात तसं.

"पंढरपूरची. ये की जवळ."

"पाय ओले आहेत."

"माझ्या पोरीचे ओले पाय मला कधीपासून चालेनात?"

ती काकीकडे बघायला लागली. तेवढ्यानं माझ्या काळजात इंगळी डसली. मी नजर काढून घेतली, ती नेमकी गेली अंगणातल्या दोरीवर.

दोरीवर चौकडीचा सदरा वाळत होता. निळा. उजव्या कोपराला हिरव्या दोऱ्यानं रफू केलेलं. निळा दोरा संपला म्हणून हिरव्यानं केलं होतं. मीच.

मी उठले, दोरीपाशी गेले. बाही हातात घेतली.

"हा ह्यांचा सदरा."

"हो अक्का. दादांचा." वैजू माझ्या नवऱ्याला दादा म्हणते.

"एसटीत विसरला म्हणाले होते मला."

वैजूनं खाली बघितलं. "इथंच असतो तो. एक लेंगा पण आहे, ट्रंकेत."

"का असतो?"

"रविवारी आले की अंघोळ करतात दादा. मग हे घालतात. जाताना परत त्यांचे ते घालून जातात."

"अंघोळ करून निघतात ते घरनं. मी पाणी काढून देते."

"इथं परत करतात."

मी सदरा नाकाला लावला. त्याला कसलाच वास नव्हता. नुसतं ऊन. माझ्या घरातल्या कपड्याला वास नाही असं चार वर्षांत झालं नव्हतं. जणू माझ्या नवऱ्याच्या अंगावरनं मला कुणीतरी धुऊन काढलं होतं, खसाखसा, साध्या साबणानं. बाईच्या मनात पहिल्यांदा जे येतं तेच माझ्या मनात आलं. लपवत नाही. आणि नुसतं मनात येऊन थांबलं असतं तरी बरं होतं.

"माझी पोर घेतलीस, ती पुरली नाही होय गं तुला?"

वैजूचं तोंड पांढरं पडलं. अस्मिता तिथंच उभी होती. दहा वर्षांच्या पोरीला काय कळलं, काय नाही, देव जाणे. पण तिनं दोन्ही हातांनी रिबीन घट्ट धरली.

"मला काय म्हणायचं ते म्हणा अक्का," वैजू म्हणाली. "पण सदऱ्याचं दादांनाच विचारा."

"तू सांग. दोरी तुझी आहे."

"मी नाही सांगणार."

"का? तोंडाला कुलूप घातलंय कुणी?"

"तुम्हीच घातलंय." तिचा आवाज पहिल्यांदा चढला. "मी सांगितलं तर तुम्ही म्हणाल, स्वतःची कूस भरत नाही म्हणून दुसऱ्याच्या ताटातलं उचलायचं, ही कुठली रीत."

शब्द न् शब्द माझा. भिंतीला कान असतात म्हणतात. नवऱ्याला तोंड असतं, हे कुणी सांगत नाही.

मला खरं तर तिथंच खाली बसावंसं वाटलं. पण लाज वाटली की मी जास्त भांडते, ही माझी जुनी खोड.

"अस्मू, कपडे भर. चारच्या गाडीनं जायचंय."

"आई! उद्या मॅच आहे. मी पहिल्या तिघींत आहे."

"खो-खो विट्यालाही खेळतात."

"तिथं मला पळता येत नाही!"

"येईल. आई आहे की तुझी."

मी तिचा हात धरला, ओढून बाजेवर घेतली, मांडीवर बसवली. दहा वर्षांची घोडी, पण मला हवी होती ती. पदर तिच्या पाठीवरून घेतला, डोकं छातीशी धरलं. ती सुटली नाही, ओरडली नाही. गप्प बसून राहिली, नुसती ताठ. मला वाटलं रडू दाबतेय. तिच्या पाठीवरून हात फिरवताना लक्षात आलं की पाठ हलतच नाही. पोर श्वास धरून बसली होती. विहिरीत बुडी मारायच्या आधी धरतात तसा.

"असं काय करतेस? सोड की श्वास."

तिनं सोडला, आणि घेतला. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा छातीत बारीक शिट्टी वाजली.

ती शिट्टी मी तीन वर्षं ऐकली होती. मेल्यावरही ओळखेन. आणि मला, तिच्या आईला, ती ऐकून आधी काय झालं असेल? बरं वाटलं. खरंच सांगते, बरं वाटलं.

"बघ!" मी वैजूला म्हणाले. "तुझ्याकडंही लागतेच की धाप! हवा, हवा म्हणून नाचत होता सगळे. कुठं गेली तुझी हवा?"

वैजू आत पळाली होती. पंप घेऊन आली. "अक्का, सोडा तिला. जरा मोकळ्यावर येऊ द्या."

"मला शिकवू नकोस. तू यायच्या आधीपासून मी हिला सांभाळतेय."

"अक्का, पाया पडते तुमच्या, सोडा!"

मी तिला आणखी जवळ घेतलं. उबळ वाढायला लागली, मानेच्या शिरा ताणल्या, तसा मी पदर सोडला आणि तिच्या तोंडासमोर वारा घालायला लागले. त्याच पदरानं. सपासप. चार झाकणांच्या पदरानं.

अस्मितानं दोन्ही तळवे माझ्या छातीवर टेकवले आणि मला ढकललं. केवढा जोर त्या हातांत! मी बाजेवर मागं कलंडले. ती अंगणातनं धावली, वैजूकडे नाही, दोरीकडे. बापाचा सदरा दोरीवरच दोन्ही हातांनी धरला आणि त्यात तोंड खुपसून उभी राहिली. पाठ वर खाली, वर खाली. वैजू तिच्यापाशी गेली, पण हात लावला नाही. नुसता पंप पुढं केला. पोरीनं तो घेतला, शिकवल्यासारखा तोंडात धरला, मारला, मनात दहा मोजले, पुन्हा मारला. आणि पुन्हा सदऱ्यात तोंड घातलं.

माळावरनं वारा येत होता. बाजेखाली लाडवांचा डबा उपडा झाला होता आणि मुंग्यांनी रांग धरली होती.

शिट्टी हळूहळू उतरली. मी उठले.

"अस्मू."

तिनं सदऱ्यातून तोंड काढलं. मी एक पाऊल पुढं टाकलं. ती एक पाऊल मागं गेली. मी दुसरं टाकलं. ती दोरीच्या खांबापलीकडे गेली आणि खांब धरून वाकून उभी राहिली, खो-खोत उभ्या राहतात तशी, पायाच्या चवड्यांवर. माझ्यापासून पळायला तयार.

"अस्मू, मी आई आहे गं."

"माहितेय." तिच्या डोळ्यांतनं पाणी वाहत होतं. "काकी, तू सांग ना हिला."

वैजूनं पदराचा बोळा तोंडाशी धरला आणि मान हलवली. नाही.

"बाबा पण सांगत नाहीत. काका पण नाहीत. म्हणतात, आईला वाईट वाटेल."

"काय वाईट वाटेल?" मी विचारलं. माझाच आवाज मला लांबून आल्यासारखा वाटला. "बोल. मला काही वाईट वाटत नाही."

तिनं खांब सोडला नाही. एक श्वास घेतला, पूर्ण, तळापर्यंत, आणि म्हणाली,

"आई, धुळीनं नाही लागत मला धाप. तुझ्या मोगऱ्यानं लागते. तू जवळ घेतलंस ना, की मला श्वासच येत नाही."